घंगाळावर चढलेली गाडी

येलदरीच्या धरणावर दगड वाहायला जेवढ्या गाड्या होत्या, त्यांत एक लढाईतून आलेली होती. ती ब्रह्मदेशात लढली, असं मी सगळ्यांना सांगायचो. तिच्या दाराला तीन भोकं होती. पाहुणे आले की मी पाच सांगायचो, आणि पाचही बंदुकीच्या गोळ्यांची. त्यातलं एक मीच कडी बसवताना पाडलं होतं, हे आज पहिल्यांदा कबूल करतो.

चाकं दहा, स्टिअरिंग डाव्या हाताला, आणि आवाज असा की पूर्णेतले मासे उड्या मारून काठावर येत. भोई म्हणत, "मिस्त्री, आणखी एकदा रेस द्या की!"

तिचा एकही सुटा भाग बाजारात मिळत नव्हता. मानवतच्या जिनिंगमध्ये लेथ होता, त्यावर मी तिचे बुश कातून आणले. बैलगाडीच्या चाकाच्या लोखंडी धावेतून तिच्या कमानींचे क्लॅम्प केले. शेवटी शेवटी तिच्यात लढाईचं कमी आणि परभणी जिल्ह्याचंच जास्त उरलं होतं.

एके दिवशी दगड घेऊन चढावर निघाली आणि अर्ध्यातच फुस्स करून बसली. हेडचं पॅकिंग जळालं होतं. इंजिनाचं डोकं आणि धड यांच्यामध्ये एक तांब्याचा पत्रा असतो. तो गेला की इंजिनाची सगळी ताकद बाजूनं निघून जाते.

आमचे साहेब नवे होते, पुण्याकडचे. पँटीची इस्त्री अशी की माशी बसली तर कापली जावी.

"मिस्त्री, पुरे झाले हिचे लाड. परवा लिलाव आहे. यादीत हिचं नाव घालतो."

"साहेब, उद्या दुपारी भरल्या दगडानिशी चढवून दाखवतो. न्हाई चढली तर खुशाल भंगारात घाला."

"आणि पॅकिंग कुठून आणणार?"

"घरीच हाय की!"

घरी कसलं पॅकिंग! जीभ पुढं निघून गेली होती आणि मी तिच्या मागं मागं पत्र्याच्या खोलीकडं चाललो होतो. दारात पोचलो तर समोर आंघोळीचं घंगाळ. अख्ख्या छावणीत एवढा मोठा तांब्याचा पत्रा एकच होता, आणि मी रोज सकाळी त्यातून तांब्या भरून डोक्यावर ओतून घेत होतो.

घंगाळ सासऱ्यांनी झरीहून लग्नात दिलेलं. देणाऱ्याचं नाव भांड्यावर असतंच. टिंबाटिंबांनी ठोकून त्यांनी स्वतःचं नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव, सगळं घातलं होतं.

"असं काय पाहायलाव घंगाळाकडं?" बायकोनं विचारलं.

"लय चांगलं हाय गं."

"सहा वर्सांत आज दिसलं व्हय?"

मग सगळं सांगितलं. तिनं घंगाळावरची अक्षरं पदरानं पुसली.

"माझ्या बापाचं नाव हाय त्याच्यावर."

"नावाची बाजू सोडून कापतो."

"आन् गाडी न्हाईच चढली तर?"

"तर..."

"तर तुमी जन्मभर नदीवर जायचं आंघोळीला." एवढं बोलून तिनं स्वतःच घंगाळातलं पाणी ओतून दिलं.

घंगाळ उभं चिरलं, लाकडी मोगरीनं ठोकून सपाट केलं. जुनं पॅकिंग वर ठेवून आखणी केली, छिन्नीनं कापलं, भट्टीत लाल करून पाण्यात बुडवलं. तांबं असं केलं की भाकरीच्या पिठासारखं मऊ होतं. सकाळी इंजिनावर ठेवायला पत्रा उलटला आणि तसाच परत खाली ठेवला. आखणी मी घंगाळाच्या आतल्या बाजूनं केली होती, तिथं अक्षरं ध्यानात आलीच नव्हती. सासऱ्यांचं नाव गावासकट बरोबर मधल्या दोन सिलिंडरांच्या मध्ये येऊन बसलं होतं.

ड्रायव्हर वाकून म्हणाला, "उस्ताद, ह्या टिंबाटिंबातून दम निघून जाईल."

तेवढ्यात बायको भाकरी घेऊन आली. तिनं पत्रा पाहिला, माझ्याकडं पाहिलं. मी पान्हा बाजूला ठेवला, न जाणो तिच्या हाताला लागायचा.

"मारुतीच्या अंगाच्या खाचा कशानं बुजत्यात?" एवढंच ती म्हणाली आणि घरी गेली. परत आली ती शेंदूर, जवसाचं तेल आणि शिवणाची सुई घेऊन. शेंदूर तेलात मळून तिनं बापाच्या नावाचं एक एक टिंब सुईच्या टोकानं भरलं. तिचा हात एकदाही हलला नाही. ही अक्कल माझीच, असं मी पुढं वर्षानुवर्षं सांगितलं. हे माझं दुसरं कबूल करणं.

दुपारी साहेब घड्याळ घेऊन उभे राहिले. मी रोजच्यापेक्षा चार दगड जास्तच भरायला लावले. तो चढ असा की वर जाणारा बैल थकला तर शेपटीवर टेकून बसायचा. मी मडगार्डवर चढलो आणि बॉनेटला कान लावला. अर्ध्या चढावर, जिथं काल बसली होती तिथंच, ती एकदा खोकली. माझं काळीज थांबलं, पण ती नाही थांबली. फुस्स नाही की फास्स नाही. वर जाऊन तिनं दगड असे ओतले की खालच्या गड्यांनी शिट्ट्या मारल्या.

साहेबांनी खिशातून यादी काढली आणि उभ्या उभ्या तिचं नाव खोडलं.

"मिस्त्री, हे पॅकिंग कुठल्या कंपनीचं?"

"झरीचं, साहेब."

पुढं सासरे धरण पाहायला आले. लेकीनं त्यांना सगळं सांगितलं. मी गाडीखाली शिरून, नसलेला नट आवळत पडलो होतो. म्हातारा बराच वेळ बॉनेटवर हात ठेवून इंजिन ऐकत उभा राहिला आणि झरीला परत गेला.

महिन्याभरानं त्यांनी नवं घंगाळ पाठवलं, पहिल्यापेक्षा जाड पत्र्याचं. अंगावर एकही अक्षर नव्हतं. मी फिरवून फिरवून पाहिलं.

"कडीवर हाय नाव," बायको म्हणाली. "पत्रा तुमच्यासाठी मोकळा ठेवलाय म्हणं."