आबांची मान

आमचे मालक गेले त्यानंतर चार महिन्यांनी मला नातू झाला. त्या चार महिन्यांत मी त्यांचा मोबाइल रोज चार्जिंगला लावत होते. का, ते विचारू नका, मला सांगता येणार नाही. सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं. उजव्या कानानं त्यांना ऐकू येत नसे, म्हणून समोरचं माणूस बोलायला लागलं की ते मान डाव्या खांद्याकडे कलती करत, हनुवटी उजवीकडे नेत आणि डावा कान पुढे करून ऐकत. लग्न झाल्यापासून मी त्या कलत्या मानेशीच बोलत आले होते. भांडलेही त्याच मानेशी.

मी एरंडोल तालुक्यातल्या आमच्या गावाची आशा सेविका. बाळ झालं की ठरलेल्या दिवसांना घरी जायचं, त्याला उघडं करून डोक्यापासून पायापर्यंत पाहायचं, वजन, ताप, नाळ, दूध, सगळं फॉर्मवर लिहायचं. गावातली कितीतरी पोरं मी अशी उलटीपालटी करून पाहिली आहेत. काम मला येतं. पुढे जे झालं ते काम येत नसल्यामुळे झालं असतं, तर मला इतकं लागलं नसतं.

सून जळगावची, मेहरूणकडची. तिला आई नाही, म्हणून पहिलं बाळंतपण आमच्याकडेच केलं. मूल पायाळू होतं, दवाखान्यात बरीच ओढाताण झाली. पण दोघं सुखरूप घरी आली. तिसऱ्या आठवड्यात गल्लीतल्या बाया बाळ बघायला आल्या. ते मान डाव्या खांद्यावर टाकून, उजवीकडे दाराकडे तोंड करून टकमक बघत होतं. शेजारच्या काकू उंबऱ्यातच थबकल्या.

"दख वं माय," त्या म्हणाल्या, "आबाच उनात."

आमच्याकडे हे असंच चालतं. घरातलं मोठं माणूस गेलं आणि वर्षाच्या आत मुलगा झाला, की तो म्हणजे तेच परत आलेलं. त्याला नावानं हाक मारायची नाही, एकेरीत बोलायचं नाही, रागावायचं तर नाहीच. बाया वाकून त्याच्या तळपायांना हात लावून जायच्या. सून पाजायला बसली की चेष्टेनं डोक्यावर पदर घ्यायची, सासऱ्यांपुढे बसल्यासारखी. आम्ही सगळ्या हसायचो. मी हसता हसता रडायचे आणि मला फार बरं वाटायचं. बाळ अंगावर घेतलं की मी त्याला दिवसभराचं सांगायचे आणि ते मान कलती करून ऐकायचं. मोबाइल चार्जिंगला लावणं मी त्याच आठवड्यात बंद केलं.

महिना भरायच्या आत सून बाळाला तेल लावता लावता थांबली. "आई, याच्या मानेत गाठ लागतेय, बघा ना."

मी बोट फिरवलं. डाव्या बाजूला, कानामागून गळ्याकडे उतरणाऱ्या स्नायूत सुपारीएवढी कडक गाठ होती. ती सांगत राहिली. एकाच बाजूला नीट पितो, दुसऱ्या बाजूला घेतलं की रडतो. झोपेतसुद्धा मान दुसरीकडे वळत नाही, वळवायला गेलं की अंग ताठ करतो. ती वीस-बावीस वर्षांची पोर जे सांगत होती, तेच एखाद्या परक्या घरात कुणी सांगितलं असतं, तर मी त्याच दिवशी त्या बाळाला घेऊन डॉक्टरांपुढे उभी राहिले असते.

"काही नही शे ते," मी म्हटलं. "आबा बी तशीच मान धरेत."

तिनं एक-दोनदा हळूच मान सरळ करून पाहिली. बाया तिच्यावर तुटून पडल्या. "आबासनी मान मोडू नको वं पोरी." मीही त्यांच्यातच होते. त्या महिन्याचा फॉर्म मी स्वयंपाकघरात बसून भरला. बाळ आतल्या खोलीत झोपलेलं होतं. त्याला न उघडता, न बघता मी सगळीकडे 'ठीक' लिहिलं. आपल्याच घरचं तर आहे, असं मनाशी म्हणाले.

पाचव्या-सहाव्या महिन्यात गाठ आपोआप विरली. मी सुनेला बोलावून तिचं बोट तिथे ठेवायला लावलं आणि वर म्हटलं, बघ, उगीच घाबरत होतीस. गाठ जाते आणि मागे तोच स्नायू आखडून दोरीसारखा होतो, हे मला नंतर कळलं. तोवर डोकं मागून उजव्या अंगाला चपटं झालं होतं. त्यासाठी मी राईची उशी शिवली. एवढं मात्र मी हौसेनं केलं.

सव्वा वर्षाचा असताना त्याचा ताप उतरेना, म्हणून त्याला जळगावला बालरोग डॉक्टरांकडे नेलं. सून नि मी दोघी होतो. डॉक्टरांनी तापाचं बघितलं आणि मग त्याची हनुवटी धरून मान डावीकडे वळवायला गेले. मान अर्ध्यातच अडली. पोर किंचाळलं.

"हे जन्मापासून आहे," ते म्हणाले. "पहिल्या महिन्यातच व्यायाम सुरू करायला हवा होता. रोज मान ताणायची, पालथं निजवायचं, बास. बहुतेक मुलं तेवढ्यानं बरी होतात. तुमच्या गावात आशा नाही का कुणी?"

"आहे, सर," सून म्हणाली.

ती माझ्याकडे वळलीसुद्धा नाही. मी पोराचा सदरा सारखा करत बसले. बसमध्ये मूल तिच्या मांडीवर झोपलं होतं आणि गाव येईपर्यंत आम्ही दोघी खिडकीबाहेर बघत होतो. तिनं तेव्हा चारचौघांत माझे वाभाडे काढले असते तर बरं झालं असतं. ती आजवर त्याबद्दल एका शब्दानं बोललेली नाही, आणि आता बोलणारही नाही.

डॉक्टरांकडून व्यायाम दाखवून घेतला होता. एकीनं डावा खांदा दाबून धरायचा, दुसरीनं डोकं हळूहळू उजव्या खांद्याकडे न्यायचं, मग हनुवटी डावीकडे वळवायची आणि तसंच धरून ठेवायचं. महिन्याचं बाळ दूध पिता पिता हे करून घेतं. सव्वा वर्षाचं पोर लाथा मारतं, चावतं, श्वास कोंडून निळं पडतं. दिवसातून चार वेळा आम्ही त्याला असं धरत होतो. काही दिवसांनी मी नुसती खोलीत आले तरी ते सुनेच्या मागे लपायचं. माझं कलत्या मानेनं ऐकत बसायचं, ते त्याचं संपलं. वर्षभर आम्ही नेटानं केलं आणि स्नायू काही सैल झाला नाही. शेवटी हात टेकले.

हल्ली मी कुठल्याही घरी गेले की आधी बाळाची मान बघते, वजन नंतर. बोट फिरवून गाठ शोधते, मान दोन्हीकडे सारखी वळते का बघते, गाठ असलेल्या बाळाचा खुबाही कधी कधी सरकलेला असतो, म्हणून कंबरही बघायला डॉक्टरांना सांगते. आयांना सांगते की जागं असेल तेव्हा पालथं निजवा, ज्या बाजूला बघत नाही त्या बाजूनं बोला, खुळखुळा तिकडे धरा, झोळीत डोक्याकडची नि पायाकडची बाजू अधूनमधून बदला, आणि घरच्या घरी मान मोडायला जाऊ नका, आधी दाखवून आणा. मागच्या वर्षी पद्मालयाच्या बाजूच्या एका वस्तीवर पाच आठवड्यांच्या मुलीला अशीच गाठ सापडली. चार महिन्यांत तिची मान सुईसारखी सरळ झाली. तिची आई माझ्या पाया पडली. मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला, त्या आईचा, त्या मुलीचा, आणि मग घरी येऊन भाकरी थापताना माझा स्वतःचा.

नातू साडेतीन वर्षांचा झाला तेव्हा धुळ्याला त्याचं ऑपरेशन झालं. आखडलेला स्नायू खालून सोडवला. डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं की मान मोकळी होईल, चेहऱ्याचं सांगता येत नाही. गळ्याला पट्टा लागला, मग तो सुटला, मग पुन्हा व्यायाम. गेल्या महिन्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी त्याला मोठ्या आरशासमोर उभं केलं. आरशावर वरपासून खालपर्यंत एक लाल पट्टी चिकटवलेली होती. आता अडथळा काही नाही, त्या म्हणाल्या, मान सगळीकडे जाते. फक्त सरळ म्हणजे काय हे त्याला नव्यानं शिकायचंय. कलतं तेच त्याला सरळ वाटतं, आणि हे किती बदलेल ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"नाक पट्टीवर आण बरं," त्या म्हणाल्या.

त्यानं आणलं. मी त्याची मान जन्मात पहिल्यांदा सरळ बघितली. आणि मान सरळ झाली तेव्हाच त्याचा चेहरा किती वाकडा वाढलाय ते दिसलं. डावा डोळा खाली, डावा गाल लहान. सून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

तो आरशात बघत होता. त्यानं पाय फाकवून रोवले. त्यानं हात मागे करून मला चाचपलं.

"आजी, मन्हा हात धर," तो म्हणाला. "मी पडी जासू."

मी हात धरला. त्यानं मान हळूहळू डाव्या खांद्यावर नेऊन टेकवली, सुटल्यासारखा श्वास सोडला आणि माझा हात सोडून दिला.