दानव्वाने जिंकलेलं गाव

चुलीपाशी बसलेल्या दानव्वाला भिंतीला कान लावायची गरजच नव्हती. अंगणात दोन पुरुष असे भांडत होते, की म्हशीसुद्धा रवंथ थांबवून ऐकत होत्या.

"बायकोच्या तोंडाला दावं बांधत नाही का तुम्ही?" अडिवेप्पा विचारत होता. कालच दानव्वाची लेक ज्या घरात दिली, त्या घरचा हा कर्ता. नवऱ्यामुलाचा चुलता, बेनकट्टीचा गौडा, म्हणजे गावचा पाटील.

"लग्नातलं हुमाण ते, गौडा. मांडव उतरला की विसरायचं असतं," मुदकप्पा, दानव्वाचा नवरा, समजूत घालत होता.

"मी विसरलो तरी माझं गाव विसरेल का? आता बेनकट्टी तुमच्या बायकोची. म्हणजे पोरगी आईच्याच गावात नांदणार. मग तिला माहेरी कशाला धाडायचं?"

हे ऐकून दानव्वा पिठाच्या हातांनी तोंड दाबून हसली. पुरुषांचा राग, दुपारच्या जेवणाला उतरेल. त्या हसण्याची तिला पुढे जन्मभर लाज वाटली.

झालं होतं ते एवढंच. आमच्या कल्लूरकडे लग्नाचं जेवण झालं की दोन्हीकडची माणसं समोरासमोर बसतात आणि हुमाणं, म्हणजे कोडी, घालतात. ज्याला उत्तर येत नाही त्याने एक गाव द्यायचं. घेणाऱ्याने त्या गावावर घटकाभर राज्य करायचं, तोंडाला येतील ते हुकूम सोडायचे, मग उत्तर सांगायचं. लोक आपले काशी देतात, विजापूर देतात. अक्षरओळख नसलेल्या दानव्वाने काशी तर चारदा जिंकली होती. घरी दोन म्हशी आणि पावसाळ्यात ठिबकणारं माळवद, पण मांडवात ती राणी.

त्या संध्याकाळी अडिवेप्पाची काशी गेली, विजापूर गेलं, हुबळी गेली. शेवटी दानव्वाने घातलं, "एका पायाची आई, डोक्यावर हजार लेकरं. लेकरं उतरली की आईला गुरं खातात."

चाळीस एकर जोंधळा पिकवणाऱ्या माणसाला जोंधळ्याचं ताट ओळखता आलं नाही. पोरीबाळी फिदीफिदी हसल्या. तो चिडून म्हणाला, "आता उरलंय काय? घ्या आमची बेनकट्टी."

समोरच्याचं राहतं गाव घ्यायचं नसतं. 'असू दे, दुसरं द्या' म्हणायचं असतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण दानव्वाची जीभ तेव्हा उतारावरची गाडी होती. "दिलीत? घेतली," ती म्हणाली. "आजपासून बेनकट्टीत बायका पारावर बसतील आणि गौडा विहिरीचं पाणी भरतील." मांडव हसून लोळला. अडिवेप्पा उठून गेला.

पहिल्या नागपंचमीला मुदकप्पा लेकीला आणायला गेला आणि एकटाच परतला. पहिलं बाळंतपणही तिकडेच झालं. लेकीचं नाव सावंत्रव्वा. तिचा नवरा गरीब स्वभावाचा, चुलत्यासमोर मान वर करत नसे.

यावर उपाय एकच होता. हरलेल्याने हुमाण घालावं, जिंकलेल्याने हरावं, म्हणजे गाव परत जातं. दानव्वा आठ मैल चालत बेनकट्टीला गेली आणि गौडाच्या कट्ट्यावर बसली.

"घाला हुमाण, गौडा. मी हरायला आलेय."

"ठरवून हरलात तर ती भीक झाली, विहीणबाई. मी भीक घेत नाही. पाणी प्या आणि निघा."

पाणी सावंत्रव्वा आणायची. तांब्या देता-घेता मायलेकींची बोटं लागायची, तेवढीच भेट. दानव्वा दरवर्षी जात राहिली.

सातव्या वर्षी अडिवेप्पा थकला होता. त्याने चार माणसं बोलावली, घसा साफ केला. वर्षभर नांगरामागे चालताना जुळवलेलं हुमाण होतं ते. स्वतःचं, कुणी न ऐकलेलं. त्याला खरं जिंकायचं होतं.

"घरभर फिरतो, पाऊल वाजत नाही. धरायला जावं तर हातावरच बसतो, आणि संध्याकाळी..."

"कवडसा," दानव्वा म्हणाली.

पुरतं ऐकूनही घेतलं नव्हतं तिने. शब्द सुटून गेला आणि मग तिला कळलं की आपण बोललो. दारात सावंत्रव्वा तांब्या घेऊन उभी होती. ती रडली नाही. तिने सगळ्यांना पाणी दिलं, आईला सर्वांत शेवटी.

"यव्वा," एवढंच हळू म्हणाली, "क्षणभर तरी थांबायचंस."

"तुमचा दोष नाही," अडिवेप्पा म्हणाला. "जिभेला काय कळतं."

त्या थंडीत तो वारला. आता गाव परत घ्यायला माणूसच उरला नाही. जावई म्हणाला, "काका असते तर हातापाया पडलो असतो. गेलेल्या माणसाचा शब्द मी कसा मोडू?" आणि तो मनाचा वाईट नव्हता, हेच मोठं दुखणं.

दानव्वाने पुन्हा हुमाण घातलं नाही. लग्नात कुणी आग्रह केला तर म्हणायची, "विसरले गं बाई." दुसऱ्यांची चाललेली असली की सुपारी दाढेत धरून बसायची. उत्तर ओठाशी यायचं ते गिळायची. शिकली, पण फार उशिरा.

सावंत्रव्वा माहेरी आली ती एकेचाळीस वर्षांनी. आई तेव्हा गेलेली होती, रीतीप्रमाणे भिंतीला टेकवून बसवलेली, गळ्यात हार, कपाळाला विभूती. लेकीने तिच्या हातावर हात ठेवला आणि तांब्याभर वेळ तशीच बसली.

त्याच्या आधी पाच दिवस पंचमी होती. आदल्या सकाळी दानव्वाने दरवर्षीसारखं लेकीसाठी गाठोडं बांधलं. जोंधळ्याच्या लाह्या, तिळाचे आणि शेंगांचे लाडू, वर एक खण. गुडघे बोलत होते, तरी बेनकट्टीच्या बसला ते द्यायला थांब्यापर्यंत ती स्वतःच गेली.

"आजी, यंदा लाडू कमी दिसतात," कंडक्टर म्हणाला.

"मागच्या साली वाटेत दोन कमी झाले होते, म्हणून म्हटलं, हिशेबातच बांधावेत."

तो हसला, गाठोडं आपल्या सीटखाली सरकवू लागला.

"खाली नको रे. मांडीवर घे. आणि वर काही ठेवू नकोस, लाह्या चुरतात."

त्याने मांडीवर घेतलं. बस गेली. दानव्वाने पदराने तोंडावरची धूळ पुसली आणि म्हशींच्या पाण्याची वेळ झाली म्हणून घराकडे वळली.