कुंकू लागलेला मॉनिटर

आमच्या साडूंना विचारल्याशिवाय हैदराबादेत कुणा मराठी माणसाने साधी इस्त्रीसुद्धा विकत घेतली नसेल. सल्ला हीच त्यांची इस्टेट. बेगम बाजारात मिरच्या कुणाकडच्या घ्याव्यात इथपासून कुकटपल्लीतला फ्लॅट कितव्या मजल्यावर असावा इथपर्यंत त्यांचा शब्द शेवटचा. विचारलं नाही, तर घरी येऊन सांगत. एका लग्नात तर हातात अक्षता घेऊन त्यांनी नवरदेवाला आहेरातला फ्रिज बदलून आणायला सांगितलं होतं.

उदारीकरणाने दुकानं भरली आणि साडूंची सुगी आली. पुढे त्यांच्या मुलीच्या जुन्या कॉम्प्युटरचा मॉनिटर बिघडला, तेव्हा त्यांनी मलाही सोबत नेलं. दुकानदाराने दोन मॉनिटर मांडले. एकाची वायर जुन्या पद्धतीची, अ‍ॅनालॉग. दुसऱ्याची नवी, डिजिटल.

"अ‍ॅनालॉग म्हंजे निरोप्याच्या हाती निरोप, मधी बदलतोच," साडू मला सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाले. "डिजिटल म्हंजे तोंडावर! डिजिटलच घ्यायचं."

"साब, आपके कंप्यूटर के पीछे कौनसा सॉकेट है, देख के आए क्या?" दुकानदाराने विचारलं.

"मेरेकू पूछ रहे?" साडू म्हणाले. तो बिचारा निमूट बिल करायला लागला.

दसऱ्याला सगळं गणगोत जमवून साडूंनी मॉनिटरवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला आणि मग वायर घेऊन कॉम्प्युटरच्या मागे गेले. बराच वेळ बाहेरच येईनात. शेवटी मुलीने वाकून पाहिलं. "बाबा, ह्याला डिजिटलची जागाच नाही ना."

एकजण हसला, मग सगळं घर हसलं. साडू वायर हातात धरून उभे, कानांपर्यंत लाल. चूक माझी नव्हती, तरी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी दुकानदाराने स्वस्तिक पाहून हात जोडले. "पूजा करे सो माल वापस कैसा लेऊँ साब? घर की लक्ष्मी है, रख लेओ." साडूंनी रुमालाने कुंकू पुसायला घेतलं, तर ते आणखीच पसरलं.

तेव्हापासून ते गप्प झाले. लग्नाकार्यात मागच्या खुर्चीवर बसायचे. पुढे मला मॉनिटर घ्यायचा होता, म्हणून मुद्दाम त्यांच्याकडे गेलो आणि अ‍ॅनालॉग घेऊ की डिजिटल, असं विचारलं.

"तुम्हाला बरं वाटंल ते घ्या," ते खाली बघत म्हणाले. "मला काय कळतंय त्यातलं."

मी आग्रह केला, खोटंखोटं भांडलोसुद्धा. ते हसले फक्त. एवढ्या मोठ्या माणसाला आपल्या गोतावळ्याने एका हसण्यात इतकं लहान करून ठेवावं, याची मला फार लाज वाटली. त्या वर्षी मी मॉनिटर घेतलाच नाही.