आजोबांच्या फौजी कागदावरची शेवटची ओळ

मंडळी, दुपारपासून कशातच मन लागत नाही, म्हणून इथं लिहितोय.

माझे आजोबा फौजेत होते. अण्णा, म्हणजे माझे वडील, आजीच्या पोटात असताना आजोबा गेले ते परत आलेच नाहीत. कुठं वारले, घरात कुणालाच माहीत नाही. गावाकडं, पिशोरच्या घरी, त्यांच्या नोकरीचा एकच कागद उरलाय, सगळा इंग्रजी आद्याक्षरांचा. फौजेकडं दुसरी नक्कल मागून मागून थकलो. शेवटी आज अण्णांना घेऊन चिकलठाण्याला एका रिटायर सुभेदारांकडं गेलो.

त्यांनी भराभर सांगितलं. "टी.ओ.एस. म्हणजे पलटणीत घेतलं. ॲडम. म्हणजे दवाखान्यात भरती."

अण्णा पुढं सरकले. "अन् शेवटची ओळ?"

तिच्यावर कुंकवाचा जाड थर होता. दर दसऱ्याला कोयत्या-विळ्यांसोबत हा कागदही आम्ही पुजतो. आधी आजी, मग अण्णा, ओल्या कुंकवाचं बोट तिथंच टेकवत आले.

सुभेदारांनी भिंग लावून लई वेळ बघितलं. "दादा, इथं आता अक्षरच राहिलं नाय."

रिक्षात अण्णा एवढंच म्हणाले, "मी ते बापाचं कपाळ समजत होतो रे."

दसरा जवळ आलाय. यंदा अण्णांना बोट कुठं टेकवायला सांगू?