मावशींच्या नावावर आलेलं गिऱ्हाईक

शिलाई मशीन दुरुस्त करत गावोगाव फिरणाऱ्या मावशींना बसमधले प्रवासी हमखास विचारायचे, "इथं चांगलं जेवण कुठं मिळेल?" मावशी मनापासून सांगायच्या. एका टोपीवाल्या गृहस्थालाही त्यांनी नदीकाठची आपल्या मैत्रिणीची खानावळ सुचवली. "माझं नाव सांगा, उपाशी पाठवायची नाही ती," असंही वर म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात तोच गृहस्थ बसमध्ये भेटला आणि त्यानं कौतुकानं मोबाइल पुढे धरला. खानावळीबद्दल त्यानं चारचौघांना वाचता येईल असं लिहिलं होतं: बाई तुसडी, आमटी कोमट, लक्ष भलतीकडेच.

मावशींच्या अंगाचा तिळपापड झाला. मैत्रिणीनं फोनवर त्यांना त्या दिवशीचं सगळं सांगितलं होतं.

"अहो, तिची आई दवाखान्यात आहे. ती कुलूप लावून तिकडेच निघाली होती. माझं नाव ऐकलं म्हणून परत फिरली आणि तुमच्यासाठी गॅस पेटवला."

"मला काय कल्पना? जे दिसलं ते लिहिलं."

"मग रडून सुजलेले डोळे नाही दिसले?"

गृहस्थानं मजकूर काढून टाकला. तरी मावशींचा राग काही उतरेना. बसमधून उतरल्या त्या तडक खानावळीत गेल्या आणि त्यानं काय लिहिलं होतं ते मैत्रिणीला सांगितलं.

"जाऊ दे गं, मला नाही एवढं वाईट वाटलं," मैत्रीण म्हणाली.

"मला वाटलं ना!" मावशींनी तिच्या हातातला डाव काढून घेतला. "तू आईकडे जा. इथलं मी बघते."

त्या दुपारी गिऱ्हाइकांना मावशींनीच वाढलं, आणि तेही घुश्श्यातच.