वृंदाची बॅन्शी

वृंदा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी ऑफिसच्या कॉलवर होते. तिच्या नवऱ्याचा, अविनाशचा, मेसेज होता... ‘वृंदा गेली. जमेल तेव्हा फोन कर.’ मी कॉल पुरा केला आणि गाडी काढली. आजारपण लांबलेलं होतं, त्यामुळे धक्का वगैरे बसला नाही. फक्त इंग्लंडमधल्या आमच्या बेसिंगस्टोकच्या रोजच्या राउंडअबाउटवर मी गोल गोल फिरत राहिले, बाहेर पडायचा रस्ताच सुचेना.

वृंदा माझी मैत्रीण, मूळची नागपूरची, सॉफ्टवेअर टेस्टर. कलाबिला तिच्या अंगात उशिरा आली, आणि तीही शेजारच्या ब्रीडीमुळे. ब्रीडी आयर्लंडमधल्या खेड्यातली, ऐंशीच्या पुढची. चहा पिता पिता ती तिकडची भुतंखेतं सांगे आणि वृंदा घरी येऊन तार, कागदाचा लगदा आणि जुन्या सुती साड्यांमधून ती उभी करी. तळ्यातून वर येणारा काळा घोडा, पाळण्यात बदलून ठेवलेलं म्हाताऱ्या चेहऱ्याचं मूल... मी घाबरणाऱ्यांतली नाही, पण तिच्या गॅरेजमध्ये त्यांच्याकडे पाठ करून उभी राहत नसे.

त्यातलीच एक बॅन्शी. केस मोकळे सोडून विंचरत बसणारी बाई. घरातलं कोणी जाणार असलं की ती आधीच बाहेर येऊन हंबरडा फोडते. पण सगळ्यांसाठी नाही, काही जुन्या आयरिश घराण्यांसाठीच. ‘आणि आमच्यासाठी?’ वृंदाने विचारलं होतं. ब्रीडी हसली. ‘तुझ्यासाठी कशाला येईल, लव्ह? तिला तुझा पत्ता कुठे माहीत आहे!’ ते वृंदाच्या मनातून गेलं नाही. आजार कळल्यावर तर नाहीच. ‘इथे आपलं कोणी गेलं की बघ,’ ती मला म्हणाली, ‘सगळे कोट घालून उभे. घसा खाकरतात, बस. मोठ्याने कोणी रडतच नाही गं. मला असं नको.’

‘मग मी रडू का?’

‘तू? तू पार्किंग बघशील.’

मग तिने आपल्या लोकांसाठी बॅन्शी करायला घेतली. इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज टाकला, ‘गुंतवळ फेकू नका, मला आणून द्या.’ ‘करणी करतेस का गं?’ अशी उत्तरं आली, पण फ्रीजरच्या पिशव्यांमधून केसही आले. काळे, मेंदीचे, पांढरे. किमोत गळलेले स्वतःचे तिने सगळ्यांत वर लावले. जबडा इतका वासलेला केला, की गावातल्या प्रदर्शनात बॅन्शीला लहान मुलांच्या कोपऱ्यापासून लांब ठेवावं लागलं.

क्रेमेटोरियमच्या चॅपलमधल्या अंत्यविधीला मी खरंच पार्किंग बघितलं. मग लॅपटॉप माझ्याकडे आला, कारण नागपूरहून काकू, म्हणजे वृंदाच्या आई, व्हिडिओवर होत्या. त्यांना प्रवास झेपणारा नव्हता. अविनाश हळूच म्हणाला, ‘आईंना म्यूटवर ठेव, प्लीज. त्या रडायला लागल्या की... लोकांना ऑकवर्ड होईल.’ मी ठेवलं. भाषणं नेटकी झाली, संगीत लागलं, शवपेटीसमोरचा पडदा सरकायला लागला. कोणीतरी घसा खाकरला. मी स्क्रीनकडे पाहिलं. काकूंचं तोंड उघडं होतं, मान मागे गेलेली, पदर सावरायचं भान नाही... आणि आवाज नाही.

मी म्यूट काढला आणि आवाज पूर्ण वर नेला.

‘वृंदेऽऽ... अगं मला टाकून कुठं चाललीस गं माझे बाईऽऽ...’

हेल काढून, छातीपासून. चॅपलभर. कोटातले सगळे दचकले. अविनाशने वळून माझ्याकडे पाहिलं, काहीतरी म्हणणार होता, पण मग तो मटकन खाली बसला आणि ओक्साबोक्शी रडू लागला. दाराशी उभ्या असलेल्या माणसाने मला मनगटावरचं घड्याळ दाखवलं, पुढच्या अंत्यविधीची मंडळी बाहेर थांबली होती. मी त्याला हातानेच थांब म्हटलं. काकूंचं अजून व्हायचं होतं.