पाचव्या मजल्याचा डावा पाय

दुबईत अल बर्शातल्या आमच्या बिल्डिंगशेजारी एक टॉवर उभा राहणार होता. पाया खणायच्या आतच मंदी आली, क्रेन निघून गेली आणि टॉवर तेवढा पत्र्याच्या कुंपणावरच्या चित्रात राहिला. आम्हाला मात्र मैदान मिळालं.

त्या हिवाळ्यात मराठी मंडळींच्या वार्षिक सामन्यांत बायकांसाठी पहिल्यांदाच लंगडी ठेवली होती. तोवर आमच्या वाट्याला संगीत खुर्ची आणि लिंबू-चमचा यायचं. बिल्डिंगमध्ये मराठी घरं बरीच होती, म्हणून मी लिफ्टपाशी कागद लावला. मी एका ऑफिसची ॲडमिन मॅनेजर. कागद लावणं, नावं जमवणं, कोण काय आणणार ते ठरवणं हे मला झोपेतही जमतं. टीम दोन दिवसांत झाली. आम्ही एकमेकींना मजल्यांवरून हाक मारायचो, कारण तीन जणींची नावं सारखीच होती. मी दुसरा मजला. पहिल्या मजल्यावरच्या काकू कोच, कारण शाळेत असताना त्या जिल्ह्यापर्यंत खेळल्या होत्या आणि शिट्टी त्यांच्याकडेच होती. आणि पाचवा मजला म्हणजे आमची स्टार.

दिसायला ती स्टार वगैरे नव्हती. चाळिशीला टेकलेली, चष्मा दोरीने बांधलेला, सलवार गुडघ्यापर्यंत खोचलेली. पण डावा पाय टेकवून उजवा उचलला की ती बाई संपायचीच नाही. आम्ही बाकीच्या एका फेरीत धापा टाकत पाय टेकायचो. ती पळणाऱ्यांना चौकोनाच्या कोपऱ्यात नेऊन एकेक करून टिपायची, आणि वर त्यांच्याशी गप्पाही मारायची.

“अगं, तू दमत कशी नाहीस?” मी एकदा विचारलं.

“लंगडी घालताना पुढच्या उडीशिवाय काही सुचत नाही गं. डोक्याला तेवढीच सुट्टी.”

डोक्याला सुट्टी हवीच होती. तिचे मिस्टर बांधकाम कंपनीत इंजिनिअर होते. कंपनीने त्यांना काढलं नव्हतं, बेमुदत बिनपगारी रजा दिली होती. म्हणजे व्हिसा होता, डबा भरून कुठे जायचं ते नव्हतं. कंपनीची गाडीही परत गेली होती. भावोजी स्वभावाने गमत्या. लिफ्टमध्ये भेटले की म्हणायचे, “वहिनी, सध्या मी गृहमंत्री आहे. आज पडवळाची भाजी केलीय.” पण मुलांच्या शाळेचं पुढचं सत्र इथे की पुण्यात, हे त्या घरात ठरत नव्हतं.

ठरणार होतं ते पाचव्या मजल्याच्या लायसन्सवर. ती मूळची केमिस्ट्रीची. उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियातल्या पाणी तपासणाऱ्या एका लॅबने तिला नोकरी देऊ केली होती. अट एकच होती. ठिकठिकाणी जाऊन नमुने गोळा करायचे, म्हणून गाडी चालवता आलीच पाहिजे. महिनाअखेर लायसन्स दाखवलं तर एक तारखेपासून रुजू. नाहीतर ते दुसरीला घेणार होते. आणि मग भावोजींच्या भाषेत “सामान बांधा, खलास.”

आता कुणी म्हणेल, ऑटोमॅटिक गाडीची टेस्ट द्यायची. पण ती ड्रायव्हिंग शिकायला लागली ती चांगल्या दिवसांत, आणि तेव्हा भावोजींनी सांगितलं होतं, “मॅन्युअलच शिक. ऑटोमॅटिकचं लायसन्स म्हणजे अर्धं लायसन्स.” आपल्या लोकांना अर्ध्या गोष्टी चालत नाहीत. गियरची गाडी, म्हणजे क्लच. क्लच, म्हणजे डावा पाय.

हे गणित तेव्हा आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही.

सेमीफायनल शुक्रवारी होती, शारजाच्या टीमशी. काकूंनी पाचव्या मजल्याला पहिल्यांदा पाठवलं आणि शेवटपर्यंत परत बोलावलंच नाही. बाकीच्या आम्ही रेषेबाहेर उभ्या राहून संत्री खात होतो. सामना एकतर्फी झाला. परतताना गाडीत सगळ्या घसा बसेपर्यंत ओरडल्या. रविवारी पाचव्या मजल्याची रोड टेस्ट होती, आणि ती नापास झाली.

तिला आणायला मीच गेले होते. बाहेर आली ती हसतच. “टेस्ट घेणारी पोलीस बाई खडूस होती,” एवढंच म्हणाली आणि शेजारी बसली. शेख झायेद रोडला लागलो तरी तिचा डावा गुडघा शिलाई मशीनसारखा हलत होता. मी म्हटलं, टेन्शन असेल. सिग्नलला पुन्हा बघितलं. तिने दोन्ही हातांनी गुडघा दाबून धरला होता.

“काय झालंय पायाला?”

“शुक्रवारची लंगडी.” ती आता जोरातच हसायला लागली. “क्लच दाबून धरला की पाय नाचायला लागतो. राउंडअबाउटवर गाडी दोनदा बंद पडली. पोलीस बाईने विचारलं, आर यू सिक? तिला काय सांगू, नो मॅडम, आय हॉप?”

आम्ही दोघीही इतक्या हसलो की मागचा ट्रक हॉर्न मारायला लागला. मग तिने पुढच्या टेस्टची तारीख सांगितली आणि हसणं थांबलं. रविवार. फायनलनंतरचाच रविवार. ती बदलून मागितली तर नवी तारीख पुढच्या महिन्यात जात होती, आणि लॅब तोवर थांबणार नव्हती.

घरी येऊन मी फायनलची यादी काढली. पाणी, संत्री, बँडेज, चटया, शिट्टी दोन. बाकी सगळं पटापट झालं. “लंगडी कोण घालणार” या ओळीपाशी मात्र पेन थांबलं.

बुधवारी संध्याकाळी माझ्याकडे मीटिंग बोलावली. कांदेपोहे केले, कारण रिकाम्या पोटी आमच्या बायका कुठल्याच निर्णयाला येत नाहीत. मी क्लचचं सगळं सांगितलं. पाचवा मजला म्हणाली, “ताई, एवढं काय त्यात, जमेल मला.” मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

काकूंनी बशी खाली ठेवली. “हे बघ मॅनेजरबाई. फायनल फुजैराशी आहे. हुकमाचा पत्ता खिशात ठेवून हरायचं का?”

“हरायचं नाही काकू. बाकीचे पत्तेही खेळायचे.”

“कुठले पत्ते? ही तिसऱ्या मजल्याची? हिने अजून चार उड्यांपुढे पाय उचलून धरला नाहीये.”

“तुम्ही पाठवलंच कुठे मला?” तिसरा मजला तोंडात पोहे घेऊनच म्हणाली. “सगळा डाव हीच घालते. मी संत्री सोलायला येते.”

यावर सगळ्या हसल्या, पण मुद्दा बरोबर होता. फुजैरात मराठी घरं मोजकी. त्यांची टीम जेमतेम भरायची आणि त्यांच्यात स्टार कोणी नव्हतंच. त्यामुळे तिथे प्रत्येकीला लंगडी घालावी लागायची आणि प्रत्येकीला ती येत होती. आमच्याकडे एक पाय होता आणि बाकीचा प्रेक्षकवर्ग.

भावोजी बायकोला न्यायला आले होते. त्यांनाही विचारलं. “मी काय बोलू?” ते म्हणाले. “मॅन्युअल शिक म्हणणारा मीच. माझा सल्ला घेऊ नका.”

मी ठरवलं ते असं. पाचवा मजला रेषेबाहेर बसेल. आधी बाकीच्या सगळ्या जातील. अगदीच अडलं, तर शेवटी थोडा वेळ ती. दारात चपला घालताना पाचवा मजला हळूच म्हणाली, “बसवून ठेवलंस तर मला तिथेसुद्धा घरभाडंच आठवेल गं.” ते मला लागलं. पण यादी बदलली नाही.

मग दोन आठवडे कुंपणाआड आम्ही खऱ्या अर्थाने लंगडी शिकलो. काकू रागावल्या होत्या, त्यामुळे शिकवणं उत्तम झालं. “गुडघा मऊ ठेव! टाच टेकवू नकोस! अगं, मनुष्य आहेस का सिलेंडर?” असं त्या कुणालाही म्हणायच्या. पाचवा मजला आम्हाला पळवायची नाही, आमच्यापुढे पळायची आणि पळता पळता चुका सांगायची. संध्याकाळी एका कोपऱ्यात ती एकटीच काहीतरी करत असायची. मला वाटलं, व्यायाम असेल. माझी मुलगी गॅलरीतून हे सगळं बघून म्हणायची, “मम्मा, यू गाइज लुक लाइक फ्लेमिंगोज.” मी तिला सांगितलं, फ्लेमिंगो एका जागी उभे राहतात, आमचं तसं नाही.

फायनल उम्म अल कुवैनला झाली, एका ओळखीच्यांच्या कारखान्याच्या आवारात. चुन्याने चौकोन आखला होता. बाजूला खाडीचा वारा आणि बटाटेवड्यांचा घाणा. फुजैराने पहिला डाव घेतला. त्यांच्या बाया एकीमागून एक आल्या, कुणीच फार भारी नव्हती, पण कुणीच लवकर पाय टेकत नव्हती. आमच्या आठ जणी बाद झाल्या. मीही त्यात होते, आणि लवकरच होते.

आमचा डाव सुरू झाला. पहिल्या दोघी घाबरल्या आणि हात हलवत परतल्या. मग तिसरा मजला गेली. संत्री सोलणारी ती बाई ओठ आवळून, एकही शब्द न बोलता अशी काही सुटली की फुजैराच्या दोन जणी रेषेबाहेर पळून बाद झाल्या आणि तिसरीच्या पाठीवर तिने थाप मारली ती आम्हाला ऐकू आली. काकू उठून उभ्या राहिल्या. “अगं, ही कधी शिकली?” त्यांनी मलाच विचारलं, जणू त्या तिथे नव्हत्याच. सातव्या मजल्याने आणखी दोन टिपल्या. पाच झाल्या. वेळ संपत आला होता. जिंकायला चार हव्या होत्या.

आमची मुलं, नवरे, वडेवाला सगळे ओरडायला लागले. “पाचवा मजला! पाचवा मजला!” फुजैराच्या बायकांनी हे ऐकलं आणि त्या सावध झाल्या. त्यांनी सेमीफायनल पाहिली होती. डाव्या पायावरची बाई उजवीकडे चटकन झेपावते, डावीकडे वळायला तिला एक उडी जास्त लागते. हे त्यांना ठाऊक होतं. आत असलेल्या चौघीही तिच्या डाव्या हाताच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या.

पाचव्या मजल्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते आज मलाही सांगता येणार नाही. ती रेषेवर आली, चष्म्याची दोरी घट्ट केली आणि डावा पाय उचलला.

डावा! नियमाप्रमाणे कुठलाही पाय चालतो, एकदा उचलला की बदलायचा नसतो एवढंच. पण तिला उजव्या पायावर आम्ही कधी पाहिलं नव्हतं. कोपऱ्यातला तो व्यायाम हा होता. आणि खरं सांगायचं तर ती वाईट घालत होती. हात पसरलेले, चाल वेडीवाकडी. पण ती आता डावीकडे झेपावत होती, आणि फुजैराच्या बाया नेमक्या तिथेच उभ्या होत्या. पहिल्या दोन झेपांत दोघी गेल्या. तिसरी शहाणी निघाली. तिने बाजू बदलली आणि पाचव्या मजल्याला चौकोनभर फिरवलं. तिच्या हातात आणि त्या बाईच्या पदरात वीतभर अंतर असताना शिट्टी झाली.

सात. त्यांच्या आठ. आम्ही हरलो.

काकूंना ते सहन होईना. “डाव्या पायावर असतीस तर चौघींना घेतलं असतंस! जिंकलो असतो!”

पाचवा मजला चुन्यात बसकण मारून धापा टाकत होती. “काकू, डावा पाय रविवारी बुक आहे.”

फुजैराच्या कॅप्टनने हे ऐकलं आणि कसला रविवार म्हणून विचारलं. आम्ही सांगितलं. मग दोन्ही टीमनी मिळून तिच्या डाव्या पायाला वड्याचा नैवेद्य दाखवला. उपविजेत्यांना प्लास्टिकचे डबे मिळाले. ते मी आजही वापरते, झाकणं चांगली बसतात.

रविवारी मी ऑफिसमध्ये होते. दहाच्या सुमारास फोन वाजला. आधी नुसतं गाडीच्या हॉर्नचं आणि बायकांच्या बोलण्याचं पार्श्वसंगीत. मग ती. “अगं, एकदाही बंद पडली नाही! राउंडअबाउटला तर बाई म्हणाली, यल्ला, गो, आणि मी गेले!”

“पाय?”

“डावा एकदम शांत. उजवा मात्र दुखतोय. ब्रेक दाबताना आई गं झालं.”

संध्याकाळी भावोजी सगळ्या मजल्यांवर पेढे घेऊन फिरले. मुलांचं पुढचं सत्र दुबईतच होणार होतं. “वहिनी,” ते मला म्हणाले, “माझं मंत्रिपद आता कायम झालं.” काही महिन्यांनी त्यांनाही काम मिळालं, तेव्हा पडवळाची भाजी बंद झाल्याचं घरात दुःख झालं, असं तीच सांगते.

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा उम्म अल कुवैन. या वेळी गाडी तिची होती, जुनी, गियरची. मी पुढे, काकू मागे मधोमध, दोन बाजूंना तिसरा आणि सातवा मजला. वर्षभर रोज त्याच रस्त्याने जाऊन तिला प्रत्येक वळण पाठ झालं होतं. मी मांडीवर यादी उघडली आणि पेन काढलं.

“पाचवा मजला, या आठवड्यात पायांना काय काम आहे?”

“डावा मोकळा आहे. उजव्याला उद्या फुजैरा गाठायचंय, नमुने आणायला.”

“म्हणजे आता हिला अख्खा डाव घालू दे,” काकू मागून लगेच म्हणाल्या.

“अख्खा नाही काकू,” तिसरा मजला म्हणाली. “आधी मी जाणार. संत्री या वेळी तुम्ही सोला.”

काकूंनी पिशवी मांडीवर ओढली. पाचव्या मजल्याने क्लच दाबला, गियर टाकला, आणि मी पहिल्या ओळीत तिसरा मजला लिहिलं.